उभ्या गाडीचं रीडिंग

चार जानेवारीच्या रविवारी सकाळी संघमित्रा रणपिसेने गाडीची चारही दारं आणि डिकी उघडली, आणि आत जे जे होतं ते मोजलं. एकूण एक्केचाळीस वस्तू निघाल्या. कागदपत्रं नऊ. पेट्रोलच्या आणि टोलच्या पावत्या पाच. पेनं चार, त्यातली तीन सुकलेली. उशा दोन, चादर एक. वाचायचा चष्मा एक. खारीचा अर्धा पुडा एक. स्टीलचे चमचे तीन, डबे दोन. पत्त्यांचा जोड एक, डासांच्या मलमाची ट्यूब एक, सुईदोऱ्याची डबी एक, हातपंखा एक, बँक परीक्षेचं पुस्तक एक, छत्री एक. नाणी सात, मिळून तेरा रुपये. ओडोमीटरवर ४१,२०७ किलोमीटर.

मग तिने वर्गवारी केली. मोटरीशी संबंधित चौदा, असंबंधित सत्तावीस. असंबंधित सत्तावीस वस्तू तिने पिशवीत भरल्या, चार मजले चढून घरी नेल्या आणि आईसमोर ठेवून म्हणाली, "बघ, केवढा कचरा साठलाय."

शकुबाई मेथी निवडत होत्या. "हो का," एवढंच म्हणाल्या.

शकुबाई एवढ्या थोडक्यात कधीही उत्तर देत नाहीत. भाजी किती रुपयांना आणली या प्रश्नालाही त्या भाजीवालीच्या सुनेपासून सुरुवात करतात. तेव्हा 'हो का' हे उत्तर संशयास्पद आहे, हे एखाद्या शास्त्राच्या पदवीधराच्या लक्षात यायला हवं होतं. पण संघमित्रा पवईच्या एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायची. काटा खोटं बोलला तर तिला मिलिग्रॅमपर्यंत कळायचं. माणसांचं कॅलिब्रेशन तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

या मोजणीमागे एक पैज होती. आदल्या दिवशी जेवताना तिचे वडील धोंडिराम म्हणाले होते, "पेट्रोल सोडलं तर गाडीला खर्च काय? उभी असते बिचारी. गवत नाही, पेंड नाही."

"पप्पा, उभ्या गाडीलाही खर्च असतो."

"कसला?"

"सगळाच. आपली गाडी रिक्षापेक्षा महाग पडते."

धोंडिरामांनी घास खाली ठेवला. दहिवडीजवळच्या खेड्यातून ते मुंबईला आले तेव्हा त्यांच्याकडे एक वळकटी होती. एकतीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचले. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत कुठल्या बिल्डिंगचा मीटर जिन्याखाली आहे आणि कुठल्या बिल्डिंगचा कुत्र्याखाली, हे त्यांना अजून पाठ होतं. ही सगळी एकतीस वर्षं पायी. निवृत्तीनंतर, साडेचार-पावणेपाच वर्षांपूर्वी, त्यांनी दोन लाख दहा हजारांना ही चांदीच्या रंगाची जुनी छोटी गाडी घेतली. रणपिशांच्या ज्ञात इतिहासातली पहिली.

"सिद्ध कर," ते म्हणाले. "रिक्षापेक्षा महाग पडली तर त्याच आठवड्यात विकून टाकतो. शब्द आहे."

धोंडिरामांचा शब्द म्हणजे काय हे मुलुंड पूर्वेच्या शुभंकर सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. एकदा बोलण्याच्या भरात ते 'आजपासून चहा बंद' म्हणाले होते, त्याला तेरा वर्षं झाली होती.

संघमित्राचा धाकटा भाऊ सम्यक घाईघाईने म्हणाला, "ए ताई, कशाला यार? आहे ती गाडी राहू दे ना."

गाडी चालवायचा सम्यकला कंटाळा. त्याला एवढी कळकळ कुठून आली, हाही एक प्रश्न होता. तिने तोही विचारला नाही.

आता रणपिशांच्या घरचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं. मीटर वाचणाऱ्याच्या घरात सगळंच लिहिलं जायचं. सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर, मुलांची उंची दाराच्या चौकटीवर, डाळीला कुकरच्या किती शिट्या ते फडताळाच्या आतल्या बाजूला. धोंडिरामांचा नियम असा होता: रीडिंग आलं की लिहायचं, जे आलं तेच लिहायचं, आणि शून्य आलं तरी लिहायचं. कारण शून्य हेही रीडिंग आहे. बंद घराच्या मीटरपुढे अंदाजे आकडा टाकणाऱ्या एका सहकाऱ्याशी ते सहा वर्षं बोलले नव्हते.

तेव्हा संघमित्राने दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले – तारीख, नाव, वेळ, मीटर, परत वेळ, परत मीटर, कारण – आणि ती पेनसकट दोरीने गाडीच्या दाराच्या कप्प्याला बांधली. वरती नियम लिहिला: 'जो कोणी गाडीचं दार उघडेल, त्याने नोंद करायची.' नव्वद दिवस, चार जानेवारी ते तीन एप्रिल. आणि मोजणाऱ्याचा पूर्वग्रह निकालात मिसळू नये म्हणून स्वतःसाठी एक कडक नियम केला: नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत ही वही उघडायची नाही. पावत्या तेवढ्या रोज जमा करायच्या. प्रयोग असाच करतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात तिच्या नजरेत आली. वर आणलेल्या सत्तावीस वस्तूंपैकी उशा, चादर, चष्मा आणि पुस्तक घरातून नाहीसे झाले होते. तिने टिपणवहीत लिहिलं, 'वस्तू गाडीकडे सरकतात. कारण अज्ञात.'

सुरुवात अवमूल्यनापासून झाली. घाटकोपरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने फोटो पाहून एक लाख पंधरा हजार किंमत सांगितली. म्हणजे सत्तावन्न महिन्यांत पंचाण्णव हजार हवेत गेले. गाडी धावो वा न धावो, महिन्याला एक हजार सहाशे सदुसष्ट. तिने हा आकडा तीनदा काढला आणि मग खिडकीतून खाली पाहिलं. गाडी उन्हात गुपचूप उभी होती. गाडी पाहता पाहता दर तासाला दोन रुपये एकतीस पैशांनी कमी होत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचं काहीही दिसत नव्हतं. संघमित्राने किरणोत्सारी पदार्थांचा ऱ्हास प्रयोगशाळेत मोजला होता. तो पार्किंगमध्येही चालतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग विमा. मग सोसायटीचं पार्किंग. मग पुसणाऱ्याचा पगार. पण खरी ठिणगी पडली ती व्याजावर.

"एक लाख पंधरा हजार बँकेत असते तर तीन महिन्यांत एक हजार नऊशे पंच्याऐंशी व्याज मिळालं असतं. तेही खर्चात धरायचं," ती म्हणाली.

"जे मिळालंच नाही, ते खर्च कसं झालं?" धोंडिरामांनी विचारलं.

"मिळालं असतं, पप्पा."

"मला तर मंत्रालयात नोकरी मिळाली असती. तोही पगार लिही!"

व्याज लिहिलं गेलं. धोंडिराम दोन दिवस तिच्याशी नुसते 'हं' आणि 'उं' मध्ये बोलले.

मग त्यांनी प्रतिहल्ला केला. गाडी जास्त चालली की दर कमी पडेल, हे गणित त्यांना कळत होतं. "उद्यापासून तुला पवईला मी सोडणार," त्यांनी जाहीर केलं.

उद्या गाडी सुरूच झाली नाही. बॅटरी गेली होती. नवी तीन हजार नऊशेची.

परवा सुरू झाली. पण गेटपर्यंत गेल्यावर मुख्य अडचण उभी राहिली. शुभंकर सोसायटीत घरं अठ्ठेचाळीस आणि गाड्यांच्या जागा अकरा. प्रतीक्षायादीत पहिलं नाव दुसऱ्या मजल्यावरच्या केयूर परबचं. त्याने दिवाळीत एक भली दांडगी गाडी घेतली होती आणि ती तो रोज नव्या गल्लीत लावून नव्या माणसाशी भांडत होता. रणपिशांची जागा सहा मिनिटं जरी मोकळी दिसली तरी केयूर 'फक्त पाच मिनिटं काका' म्हणून आत यायचा आणि ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत टिकायची. त्यामुळे गाडी बाहेर गेली की जागेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवायची आणि खुर्ची उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर शकुबाईंनी बसायचं, असं ठरलं. गाडी पाच माणसांची. पण चार माणसांच्या कुटुंबातलं एक माणूस कायम खुर्चीवर. भांडुपला शकुबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या नातीचं बारसं झालं, तेव्हा बाकीचे तिघे गाडीतून गेले आणि शकुबाईंनी पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून, फोनच्या पडद्याकडे बघत पाळणा म्हटला. वॉचमनने टाळ्या वाजवल्या.

त्याच बारशाला गाडी उचलली गेली. धोंडिरामांनी ती नीट पाटी बघून लावली होती. पाटीवर कुणा दादांच्या वाढदिवसाचा बॅनर होता आणि बॅनरच्या मागे 'नो पार्किंग' होतं. टोइंगच्या आवारात पोचल्यावर कळलं की पीयूसीची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली आहे.

"पीयूसी दाखवा, गाडी न्या," खिडकीतला माणूस म्हणाला.

"पीयूसी काढायला गाडी लागते," धोंडिराम म्हणाले.

"बरोबर."

"मग गाडी द्या."

"पीयूसी दाखवा."

हे तीन वेळा झालं. संघमित्राला खरोखर कौतुक वाटलं. एवढं परिपूर्ण वर्तुळ तिने भूमितीच्या पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. शेवटी तिथल्या एका वयस्क हवालदारांना दया आली. पीयूसीची व्हॅन गेटबाहेर चाळीस पावलांवर उभी असते. गाडी 'चालवता' येणार नाही, पण ढकलायला कुणाची हरकत नाही, असा त्यांनी मार्ग काढला. सम्यक आणि संघमित्राने मागून गाडी ढकलली. धोंडिराम स्टीअरिंग धरून ताठ बसले होते. समोरून बारशाचेच पाहुणे रिक्षातून घरी निघाले होते. त्यांनी हात केला. धोंडिरामांनीही केला, पण तो हात कसा होता, ते सम्यक अजून करून दाखवतो.

पुढच्या आठवड्यात उंदरांनी वायर खाल्ली. दोन हजार तीनशे पन्नास. मग सल्ले सुरू झाले. सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत सावंत म्हणाले, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा. ठेवली. उंदरांनी ती खाल्ली, आणि मेकॅनिकच्या मते नंतर वायर जास्त चवीने खाल्ली. सावंतांच्या पत्नी रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, "धोंडिरामभावजी, ही दृष्ट लागली हा. लिंबू-मिरची बांधा." आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच आणून दिली. धोंडिरामांचा दृष्टीवर विश्वास नव्हता, पण रत्नप्रभाकाकूंना दुखवण्यावरही नव्हता. शकुबाईंनी मधला मार्ग काढला. लिंबू पोह्यांवर पिळलं, मिरच्या फोडणीत घातल्या आणि पोह्यांची बशी काकूंना नेऊन दिली. "गुण आला," शकुबाई म्हणाल्या.

बारशाच्या दिवसानंतर, म्हणजे पंधरा फेब्रुवारीपासून, गाडी जागची हलली नाही. धोंडिराम घराबाहेर पडताना किल्ली मात्र न विसरता खिशात टाकायचे. दर किलोमीटरचा आकडा रोज वाढत होता. रात्री हिशेब लिहिताना संघमित्राला कधीकधी उंच इमारतीच्या टोकावरून खाली पाहिल्यासारखं व्हायचं. मोजायला निघाली तेव्हा तिला वाटलं होतं, खर्च म्हणजे वस्तू असते, तराजूत ठेवता येते. ही तर ओढ्यासारखी होती. कुठून कुठून पाणी येत होतं आणि मीटर कशालाच नव्हता.

एक मात्र बरं होतं. तिची संशोधन-प्रवेश परीक्षा मे महिन्यात होती. प्रयोगशाळेतून चारला घरी आलं की पाच ते सात अभ्यास. तीनशे पाच चौरस फुटांच्या घरात चार माणसं, आणि तरी पाच ते सात इतकी शांतता असायची की घड्याळाचा काटा ऐकू यावा. नशीबवान आहोत, असं ती मैत्रिणींना सांगायची. आमचं घर मुळातच शांत आहे.

तीन एप्रिलला सुट्टी होती. सकाळी दहाला खालून हाक आली. "धोंडिराम! जरा खाली या!"

पार्किंगमध्ये जयवंत सावंत हातात नोटीस घेऊन उभे होते. बाजूला केयूर. मागे रत्नप्रभाकाकू, आणि आपलं काम सोडून आलेला वॉचमन.

"काका, राग मानू नका," केयूर म्हणाला. "नियम आहे. सलग पंचेचाळीस दिवस वापरात नसलेलं वाहन म्हणजे बंद वाहन. बंद वाहनाची जागा यादीतल्या पुढच्याला. मी पंधरा फेब्रुवारीला तुमच्या टायरवर खडूने रेघ मारली होती. ही बघा. सत्तेचाळीस दिवस झाले. रेघ तिथेच."

रेघ खरंच तिथेच होती. इतकी सरळ, की संघमित्राला इच्छा नसतानाही तिचं कौतुक वाटलं.

"हल्ली नाही हलली," धोंडिराम म्हणाले. ते खोटं बोलू शकत नव्हते. ती सोय त्यांच्यात बसवलेलीच नव्हती. "पण वापरात आहे."

"न हलता?"

"वही आहे," धोंडिराम म्हणाले. "सगळं लिहिलेलं आहे."

"थांबा," संघमित्रा म्हणाली. "नव्वद दिवस आज रात्री बाराला पूर्ण होतात. त्याआधी वही उघडायची..."

पण सावंतांनी दार उघडून दोरीसकट वही बाहेर ओढली होती. त्यांनी चष्मा लावला आणि सभेत अहवाल वाचावा तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"पाच जानेवारी. सम्यक. सकाळी साडेसहा, एक्केचाळीस हजार दोनशे सात. सव्वाआठ, एक्केचाळीस हजार दोनशे सात. कारण: गणित." ते थांबले. "गणित?"

"घरात मिक्सर चालू असतो ना," सम्यक पुटपुटला.

"पाच जानेवारी. धोंडिराम. दुपारी दोन ते सव्वातीन. दोनशे सात, दोनशे सात. कारण: पेपर, नंतर डुलकी. पाच जानेवारी. शकु, धोंडिराम, सम्यक. सायंकाळी पाच ते सात. दोनशे सात, दोनशे सात. कारण: पत्ते." त्यांनी पान उलटलं. "सहा जानेवारी. शकु, धोंडिराम, सम्यक. पाच ते सात. कारण: मटार सोलणे. सात जानेवारी. पाच ते सात. कारण: शकु क्लच-गिअरचा सराव, इंजिन बंद..."

"शकू, तू गाडी शिकतंस?" रत्नप्रभाकाकू आनंदाने ओरडल्या.

"चौथ्या गिअरपर्यंत आलेय," शकुबाई लाजून म्हणाल्या. "अजून हलली नाही एवढंच."

वॉचमन हसला. केयूर हसला. धोंडिरामांची मान खाली गेली. आपलं घर लहान आहे हे अठ्ठेचाळीस घरांना माहीत होतं, कारण त्यांचीही तेवढीच होती. पण आपण गाडीत मटार सोलतो हे खणखणीत आवाजात ऐकणं निराळं.

"आठ जानेवारी," सावंत वाचत होते, "पाच ते सात. नऊ जानेवारी, पाच ते सात. चौदा जानेवारी, बुधवार. सकाळी अकरा ते अकरा चाळीस. धोंडिराम, सोबत जयवंत साव..."

आवाज तिथेच बंद पडला.

"वाचा की," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या.

"अक्षर लागत नाही."

"भावजींचा अक्षर मोत्यासारखा असता. द्या हकडे." काकूंनी वही घेतली. "सोबत जयवंत सावंत. कारण: जिलबी, पाव किलो." त्यांनी पुढची पानं भराभर चाळली. "एकवीस जानेवारी, बुधवार, जिलबी. अठ्ठावीस, बुधवार, जिलबी आणि फरसाण! अहो, तुमका साखर आसा ना? दर बुधवारी भाजी आणूक जातंय म्हणान सांगता, आणि हय बसान जिलबी खाता?"

"धोंडिराम!" सावंत कळवळून म्हणाले. "हे पण लिहिलंत?"

"दार तुम्ही उघडलं होतं," धोंडिराम म्हणाले. "नियम आहे."

सावंतांनी नोटिशीची व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. मग ते केयूरकडे वळले, कारण कुणाकडे तरी वळणं भाग होतं. "गाडी वापरात आहे. विषय संपला."

"काका, असं कसं? गाडी बसायला असते का?"

"मग तुझं घर काय चालता रे, मेल्या? तू बसतंस ना त्यात?" रत्नप्रभाकाकू मधेच म्हणाल्या.

एवढ्या गोंधळात संघमित्राने काकूंच्या हातून वही काढून घेतली. ती वही घेऊन वर गेली. बाराची वाट न बघता तिने आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्या अक्षावर दिवस. गाडीत माणूस असलेला प्रत्येक तास तिने काळा केला. सकाळी सम्यकचा पट्टा उमटला. दुपारी पप्पांचा, जरा तुटक. आणि पाच ते सात या दोन रेघांच्या मध्ये एक काळी भिंत उभी राहिली. तोवरच्या एकोणनव्वद दिवसांपैकी शहात्तर दिवस. मधे तेरा पांढऱ्या फटी. तिने आपली अभ्यासाची डायरी काढून त्या तेरा तारखा ताडून पाहिल्या. त्या तेरा दिवशी तिने अभ्यास केला नव्हता.

तिने पेन्सिल खाली ठेवली. घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

शनिवारी जेवण झाल्यावर तिने निकाल सांगितला, कारण निकाल सांगायचाच असतो. अवमूल्यन पाच हजार. विमा एक हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर. पार्किंग दीड हजार. पुसणारा अठराशे. व्याज एक हजार नऊशे पंच्याऐंशी. बॅटरी तीन वर्षांत विभागून तीनशे पंचवीस. उंदीर दोन हजार तीनशे पन्नास. गाडी उचलली त्याचे एक हजार तीनशे पंचवीस. पीयूसीचा वाटा एकतीस. पेट्रोल नऊशे अठरा.

"सोळा हजार आठशे बारा," धोंडिराम तोंडीच म्हणाले.

"अंतर शहाऐंशी किलोमीटर. किलोमीटरला एकशे पंचाण्णव रुपये एकोणपन्नास पैसे. रिक्षा सतरा आणि वर काही पैसे."

मग धोंडिराम म्हणाले, "बरोबर काढलंस. दोनदा ताडलंस ना?"

"तीनदा."

"मी त्या घाटकोपरच्या माणसाला उद्या अकराला बोलावलंय. शब्द होता." त्यांनी किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. सम्यकने पुस्तकात डोकं घातलं. शकुबाई उगाच ओटा पुसायला लागल्या. तो पुसून झालेला होता.

"पप्पा, मला का नाही सांगितलं? पाच ते सातचं?"

"तू विचारलं नाहीस," धोंडिराम म्हणाले. "आणि वहीत लिहिलं होतं."

संघमित्राने किल्लीकडे पाहिलं. "पैज रिक्षाशी होती. चालत्या रिक्षाशी की उभ्या, ते ठरलं नव्हतं."

"हा चावटपणा झाला."

"मोजमाप आहे. ही गाडी नव्वद दिवसांत तीनशे सत्त्याऐंशी तास वापरली गेली. माणसं कितीही बसलेली असोत, तास एकच धरलाय. तासाला त्रेचाळीस रुपये चव्वेचाळीस पैसे पडतात. उभ्या रिक्षाचा मीटरही पळतो, पप्पा. तासाला किती पळतो?"

"दरपत्रकात असेल."

"दरपत्रक नको. तुम्ही कधी कागदावरून रीडिंग टाकलंत?"

धोंडिराम तिच्याकडे पाहत राहिले. तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना चहाची तल्लफ आल्यासारखं वाटत होतं. "अंदाज चालणार नाही," ते सावकाश म्हणाले. "पूर्ण तास लागेल."

रविवारी सकाळी पावणेदहाला भांडुपची एक रिक्षा शुभंकर सोसायटीच्या आवारात आली आणि चांदीच्या गाडीशेजारी उभी राहिली. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात सावंतांनी स्वतःच्या हाताने 'थांबणे' असं लिहून दिलं. त्यांचे बुधवारही या निकालावर अवलंबून होते.

"कुठे जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कुठेच नाही," संघमित्रा म्हणाली. "मीटर टाका."

"ताई, शूटिंग वगैरे आहे का?"

"नाही. तुम्ही फक्त उभे राहा."

"आणि पैसे?"

"मीटरप्रमाणे."

तो थोडा वेळ तिच्याकडे आणि धोंडिरामांकडे, मग शेजारच्या रिकाम्या गाडीकडे पाहत राहिला. "ही गाडी कुणाची?"

"आमचीच," धोंडिराम म्हणाले.

रिक्षावाल्याने मीटर टाकला, चपला काढल्या आणि पाय वर घेतले. संघमित्राने घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी सम्यक येऊन आकडा बघून गेला. अर्ध्या तासाने शकुबाईंनी चौथ्या मजल्यावरून विचारलं, "किती झाले गं?" केयूर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत दात घासत उभा होता, त्याचे दात संपत नव्हते. मीटरवरचा आकडा थांबायचा, थांबायचा, आणि मग कुणीही न हलता एकाने पुढे जायचा. संघमित्रा श्वास धरून बघत राहिली.

पावणेअकराला तिने घड्याळ थांबवलं. धोंडिराम पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने आकडा आधी मनात वाचला, मग मोठ्याने, मग पडताळणीसाठी पुन्हा मोठ्याने. तिने वहीत, गाडीच्या त्रेचाळीस रुपये चव्वेचाळीस पैशांच्या खाली, लिहून घेतलं.

रविवार, पाच एप्रिल. वेळ साठ मिनिटं. अंतर शून्य. एकशे तीन रुपये.